पाषाण रोडपासून पिनाकापर्यंत: सरकारी संरक्षण संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारी प्रयोगशाळा आणि देशाचं संरक्षण या विषयावर लिहायला लागल्यापासून तेच तेच प्रश्न फिरून येतात. विद्यार्थ्यांचे, त्यांच्या पालकांचे, भोसरी-चाकणच्या छोट्या कारखानदारांचे, आणि 'यांनी इतक्या वर्षांत केलं तरी काय?' असं रागाने विचारणाऱ्यांचेही. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दोन प्रश्न एकमेकांत गुंततात तिथे पुढचा-मागचा क्रमांक दिला आहे.

१. डीआरडीओ म्हणजे नेमकं काय? तो लष्कराचा भाग आहे का?

नाही. डीआरडीओ म्हणजे संरक्षण संशोधन आणि विकास संस्था. ती संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, पण तिथले शास्त्रज्ञ गणवेशातले नसतात, नागरी कर्मचारी असतात. काही लष्करी अधिकारी प्रतिनियुक्तीवर तिथे असतात, एवढाच थेट संबंध.

स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंग कोठारी संरक्षण मंत्रालयाचे पहिले वैज्ञानिक सल्लागार झाले आणि 'डिफेन्स सायन्स ऑर्गनायझेशन' सुरू झाली. १९५८मध्ये तिच्यात लष्कराच्या तांत्रिक विकास शाखा मिसळल्या आणि डीआरडीओ जन्माला आली. सुरुवातीला दहा प्रयोगशाळा होत्या, आज साधारण पन्नास आहेत. बोधवाक्य संस्कृत आहे: 'बलस्य मूलं विज्ञानम्'.

२. मग ऑर्डनन्स फॅक्टरी, एचएएल, बीईएल हे काय? सगळे एकच ना?

एक नाहीत. घोळ इथेच होतो आणि शिव्या चुकीच्या माणसाला पडतात. डीआरडीओ आराखडा करते, नमुना बनवते आणि चाचण्या घेते. माल बनवतात ते कारखाने. विमानं एचएएल, रडार आणि इलेक्ट्रॉनिक्स बीईएल. तोफगोळे पूर्वी ऑर्डनन्स फॅक्टऱ्या बनवायच्या. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त झालं आणि त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची 'म्युनिशन्स इंडिया' पुण्यात आहे, 'यंत्र इंडिया' नागपुरात.

तिसरा पक्ष म्हणजे वापरणारा: सैन्य, नौदल, हवाई दल. काय हवं ते तेच सांगतात आणि घ्यायचं की नाही तेही तेच ठरवतात. या तिघांतलं अंतर लक्षात ठेवा, प्रश्न ६ला ते लागेल.

३. पैसे टाकले की सगळं बाहेरून मिळतं. मग स्वतः संशोधन करण्याचा हट्ट कशाला?

कारण मिळत नाही. निदान हवं तेव्हा, हवं तसं मिळत नाही.

तारापूरचंच बघा. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर अण्वस्त्रबंदीच्या नावाखाली पुरवठादार देशांचा गट तयार झाला आणि पुढे अमेरिकेने आपल्याच कंपनीने बांधलेल्या तारापूरच्या अणुभट्ट्यांचं इंधन थांबवलं. करार होता, तरी थांबवलं. ऐंशीच्या दशकात हव्या त्या ताकदीचा अमेरिकी क्रे महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये 'परम ८०००' तयार झाला. रॉकेटच्या क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या, इंजिनाचं तंत्रज्ञान रशिया द्यायला तयार होता. १९९२मध्ये अमेरिकेने इस्रोवर आणि रशियन संस्थेवर निर्बंध घातले, रशियाने तयार इंजिनं दिली पण ज्ञान दिलं नाही. स्वतःचं क्रायोजेनिक इंजिन यशस्वीपणे उडायला ५ जानेवारी २०१४ उजाडलं.

विकतच्या मालाची दुसरी अडचण लोकांना दिसत नाही. विमान आपलं असतं, पण त्याच्या संगणकात नवं क्षेपणास्त्र ओळखायची आज्ञावली घालायची असेल तर मूळ कंपनीकडे जावं लागतं. सुटे भाग तिच्याकडे, दुरुस्तीच्या पुस्तिका तिच्याकडे. घर आपलं आणि किल्ली शेजाऱ्याकडे, असा तो संसार.

आणि एक तिरकस फायदा. आपल्याकडे काम पुढे गेलं की विकणाऱ्याचा सूर बदलतो. काल 'नाही' म्हणणारा आज सवलत देतो. प्रयोगशाळेवरच्या खर्चाचा हा परतावा कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही.

४. पुण्यातच इतक्या संरक्षण प्रयोगशाळा का?

आधी छावणी आली, मग दारूगोळा, मग विज्ञान. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. दक्षिण कमांड इथे, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय इथे. शस्त्र बनवणारा, वापरणारा आणि तपासणारा जवळजवळ असले की शास्त्रज्ञाचं काम सोपं होतं.

पाषाणला एआरडीई आहे, म्हणजे तोफा, रॉकेट, बंदुका. सुतारवाडीला एचईएमआरएल, स्फोटकं आणि रॉकेटचं इंधन. हिचं मूळ १९०८ साली नैनितालला सुरू झालेल्या रासायनिक परीक्षकाच्या प्रयोगशाळेत आहे, पुण्यात ती १९६०मध्ये आली. दिघीला आर अँड डीई, पूल आणि लष्करी अभियांत्रिकीची यंत्रं. खडकवासल्याजवळ गिरीनगरला डीआयएटी हे अभिमत विद्यापीठ. पुण्याबाहेर अहिल्यानगरला वाहनांची व्हीआरडीई आणि अंबरनाथला नौदलाच्या पदार्थविज्ञानाची एनएमआरएल.

पाषाणच्या डॉ. होमी भाभा रस्त्यावरून बसने गेलात तर एनसीएल, आयआयटीएम, आयसर आणि एआरडीई एका तिकिटात दिसतात. रसायन, हवामान, मूलभूत विज्ञान आणि तोफा. प्रवाशांना बहुतेक फक्त ट्रॅफिक दिसतो.

५. पिनाक खरंच पुण्यात तयार झालं का?

आराखडा आणि विकास पुण्याचा, उत्पादन अनेक ठिकाणचं. पिनाक ही ट्रकवर बसवलेली रॉकेट प्रणाली. एका ट्रकवर बारा नळ्या, आणि ४४ सेकंदांत बाराही रॉकेट सुटतात. घाई अशासाठी की पहिलं रॉकेट उडालं की शत्रूचं रडार उगम शोधायला लागतं. उत्तरादाखल गोळे पडायच्या आत ट्रक तिथून निघालेला हवा.

त्याआधी सैन्याकडे सोव्हिएत 'ग्रॅड' होती, पल्ला साधारण २० किलोमीटर. पहिल्या पिनाकने तो ३७-३८ किलोमीटरवर नेला. रचना एआरडीईची, रॉकेटमधलं घन इंधन एचईएमआरएलचं. हे इंधन म्हणजे रबरासारखा घट्ट गोळा, तो एकसारखा जळायला हवा. आत एखादी भेग किंवा हवेचा बुडबुडा राहिला तर जळण्याचं क्षेत्रफळ अचानक वाढतं, दाब वाढतो आणि रॉकेट नळीतच फुटू शकतं. म्हणून प्रत्येक खेपेची क्ष-किरण तपासणी. या कामाचे कधी फोटो येत नाहीत, पण निम्मं शास्त्र तिथे आहे.

१९९९च्या कारगिल युद्धात पिनाक अजून चाचणीतच होतं, तसंच ते पहाडात नेलं गेलं. समुद्रसपाटीसाठी मांडलेलं गणित विरळ हवेत बदलतं, रॉकेट जास्त लांब जातं. तो धडा पुढे उपयोगी पडला. नंतर पल्ला वाढला, दिशा सुधारणारी 'गायडेड' आवृत्ती साधारण ७५ किलोमीटर गाठते. आर्मेनियाने ही प्रणाली विकत घेतली. फेब्रुवारी २०२५मध्ये पिनाकच्या रॉकेटांसाठी १०,१४७ कोटी रुपयांचे करार झाले. एक नागपूरच्या खासगी कंपनीबरोबर, दुसरा प्रश्न २मधल्या म्युनिशन्स इंडियाबरोबर.

६. तेजस १९८३ला सुरू झालं आणि २०१६ला दलात आलं. अर्जुन रणगाडा १९७४चा. शास्त्रज्ञ झोपले होते का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, त्यामुळे उत्तरही लांब.

उशीर झाला हे खरं, आणि त्यातला काही भाग प्रयोगशाळांच्या पदरात जातो. नको तितक्या गोष्टी स्वतः करायचा मोह, तारखा देताना केलेली फुशारकी, चूक कबूल करायला लागलेला वेळ. क्षेपणास्त्रांच्या एकात्मिक कार्यक्रमात १९८३ला पाच नावं होती: पृथ्वी, अग्नी, त्रिशूल, आकाश, नाग. त्रिशूल सोडून द्यावं लागलं. नागच्या अंतिम वापरपूर्व चाचण्या २०२०मध्ये झाल्या. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण बाकीचा हिशेबही मांडायला हवा. एक, पाया नव्हता. लढाऊ विमानाचा आराखडा करणारी मागची पिढी 'मारुत' या आधीच्या देशी विमानानंतर विखुरली होती. तेजसच्या वेळी नुसतं विमान नाही तर विमान करणारी माणसं, कार्बन कंपोझिट (हलकं पण मजबूत साहित्य) आणि उड्डाण नियंत्रणाची संगणकप्रणालीही घडवायची होती. त्यात १९९८च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेत त्या प्रणालीवर काम करणाऱ्या आपल्या माणसांना परत यावं लागलं. तरीही ४ जानेवारी २००१ला विमान उडालं.

दोन, मागण्या बदलत जातात. दहा वर्षं चालणाऱ्या प्रकल्पात जगातलं तंत्र पुढे जातं, मग वापरणारा म्हणतो की आता अमुक रडार हवं, तमुक क्षेपणास्त्र बसायला हवं. त्याचंही चूक नाही, त्याला उद्याच्या युद्धात उतरायचं असतं. पण प्रत्येक बदलानंतर वजन, वीज, थंडावा सगळं पुन्हा जुळवावं लागतं. अर्जुन असाच फुगत गेला, त्याची मार्क-१ए आवृत्ती साधारण ६८ टनांची आहे. इतक्या वजनाला आपल्याकडचे कितीतरी पूल आणि रेल्वेचे डबे पुरत नाहीत. ११८ रणगाड्यांची ऑर्डर २०२१मध्ये निघाली.

तीन, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं: नमुना चालला तरी ऑर्डर येत नाही. थोडेच नग घेतले जातात, मग कारखाना यंत्रं घेत नाही, सुट्या भागांचे पुरवठादार टिकत नाहीत, प्रत्येक नग महाग पडतो, आणि महाग म्हणून आणखी कमी घेतले जातात. एआरडीईच्या १५५ मिलिमीटरच्या एटॅग्स तोफेने वर्षानुवर्षं चाचण्या दिल्या, ४८ किलोमीटरपर्यंत मारा करून दाखवला. ३०७ तोफांचा साधारण ६,९०० कोटींचा करार मार्च २०२५मध्ये भारत फोर्ज आणि टाटांबरोबर झाला. प्रयोगशाळा आणि बराक यांच्या मधल्या या टप्प्यावर कोणाचंच नाव लिहिलेलं नसतं, म्हणून तिथला उशीर शास्त्रज्ञाच्या नावावर चढतो.

७. कावेरी इंजिनाचं काय झालं? एवढं अवघड असतं का ते?

असतं. जेट इंजिनाच्या टर्बाइनची पाती अशा वायूत फिरतात ज्याचं तापमान त्या पात्याच्या धातूच्या वितळबिंदूपेक्षा जास्त असतं. पातं वितळत नाही, कारण त्याच्या आतून बारीक वाटांनी हवा खेळवलेली असते, वर लेप असतो आणि अख्खं पातं धातूच्या एकाच स्फटिकाचं असतं. मोजके देशच हे करू शकतात आणि कोणीही दुसऱ्याला शिकवत नाही.

तेजससाठीचं कावेरी १९८९मध्ये मंजूर झालं, हवा तेवढा जोर मिळाला नाही आणि २००८मध्ये ते तेजसपासून वेगळं केलं गेलं. तेजस आजही अमेरिकी इंजिनावर उडतं. उंचावरच्या हवेसारखी चाचणी घ्यायची सोय देशात नव्हती, त्यामुळे कावेरी रशियात नेऊन तिथल्या मालवाहू विमानाला जोडून तपासावं लागलं. इंजिन करायला निघालो आणि ते तपासायची जागाच बांधली नाही, हे मला आजही खटकतं. त्या कामातून उरलेली एकस्फटिकी पात्यांची विद्या मात्र वाया गेली नाही, हैदराबादच्या डीएमआरएल या धातुसंशोधन प्रयोगशाळेने ती हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी वापरली.

८. यावर किती पैसा जातो? तोच शाळा-दवाखान्यांना दिला तर?

२०२५-२६साठी डीआरडीओला २६,८१६ कोटी रुपये. त्याच वर्षी संरक्षणाची एकूण तरतूद ६.८१ लाख कोटी, म्हणजे संशोधनाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास. देशाचा सगळ्या प्रकारच्या संशोधनावरचा सरकारी-खासगी मिळून खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के आहे. शाळांना जास्त पैसा हवा, यावर माझा वाद नाही. तो या चार टक्क्यांतून काढायचा म्हटलं तर हाती फारसं लागणार नाही, आयातीचं बिल मात्र वाढेल.

९. राष्ट्रीय सुरक्षेचं संशोधन म्हणजे शस्त्रंच ना?

उलट, शस्त्रं हा त्यातला दिसणारा भाग.

समुद्राचं उदाहरण घ्या. पाणबुडी शोधायची ती आवाजावरून, आणि पाण्यातला आवाज तापमान, खारटपणा आणि खोली यांप्रमाणे वळतो. दुपारी उन्हाने वरचा थर तापला की ध्वनी खाली वाकतो आणि सकाळी नीट ऐकणारं सोनार, म्हणजे आवाजावरून शोध घेणारं यंत्र, दुपारी बहिरं होतं. म्हणजे अरबी समुद्राचं तापमान महिन्यामहिन्याने मोजून ठेवणं हेही संरक्षणच. गोव्यात दोनापावलाला १९६६पासून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. ती नागरी संस्था, मासे, प्रवाळ, गाळ, मान्सून यांचा अभ्यास करणारी. पण समुद्र कळणं ही देशाची एकच ठेव आहे. लष्करी बाजूने हेच काम कोचीची एनपीओएल करते, तिचं 'सागरध्वनी' नावाचं संशोधन जहाज आहे.

सियाचेनमध्ये हिमस्खलनाने, थंडीने आणि विरळ हवेने खूप सैनिक गेले आहेत. मनालीत १९६९ला हिमस्खलनाच्या अभ्यासाची प्रयोगशाळा सुरू झाली, आता ती चंदीगडच्या डीजीआरईत विलीन आहे. लेहच्या प्रयोगशाळेने उणे तापमानात भाज्या कशा पिकवायच्या यावर काम केलं, म्हैसूरच्या प्रयोगशाळेने टिकाऊ अन्नावर. यांचं नाव प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात कधी येत नाही.

१०. इस्रो आणि भाभा अणुसंशोधन केंद्र नागरी की लष्करी?

कागदावर नागरी. व्यवहारात ज्ञानाला भिंत नसते. 'अग्नी'च्या पहिल्या चाचणीतला पहिला टप्पा उपग्रह सोडणाऱ्या एसएलव्ही-३च्या मोटरवरून घेतलेला होता, आणि १९८२मध्ये कलाम इस्रोतून डीआरडीओत आले ते हाच अनुभव घेऊन. ट्रॉम्बेच्या भाभा केंद्राची बाजू तर उघडच आहे: १९७४ आणि १९९८च्या अणुचाचण्या आणि आयएनएस अरिहंत पाणबुडीची अणुभट्टी. म्हणूनच निर्बंध येतात तेव्हा रॉकेट हवामान उपग्रहाचं आहे, ही सबब चालत नाही (प्रश्न ३).

११. कारगिलच्या वेळी अमेरिकेने जीपीएस बंद केलं आणि म्हणून 'नाविक' आलं, हे खरं का?

व्हॉट्सॲपवर फिरतं तितकं सरळ नाही. त्या काळी जीपीएसचा नागरी संदेश जगभर मुद्दाम बिघडवलेला असायचा, चूक शंभर मीटरपर्यंत जाई. तो बिघाड मे २०००मध्ये काढला गेला. अचूक लष्करी संदेश भारताला कधीच उपलब्ध नव्हता. तेव्हा खास कारगिलसाठी कळ दाबायची गरजच नव्हती. स्वतःची यंत्रणा का हवी, याचं उत्तर एवढ्यातच मिळतं.

'नाविक' या आपल्या दिशादर्शक यंत्रणेचा पहिला उपग्रह जुलै २०१३मध्ये गेला. पण त्यातली अणुघड्याळं आयात केलेली होती आणि ती एकेक करत बंद पडली. परावलंबन टाळायला उपग्रह सोडले आणि परावलंबन घड्याळात लपून वर गेलं! देशी अणुघड्याळ मे २०२३च्या एनव्हीएस-०१मध्ये बसलं. जानेवारी २०२५चा पुढचा उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोचला नाही. तेव्हा 'आपलं जीपीएस तयार आहे' म्हणणारे निरोप जरा थांबून पुढे पाठवा.

१२. सामान्य माणसाला यातून काय मिळालं?

रेल्वेच्या डब्यांतली जैव-शौचालयं. मूळ तंत्र डीआरडीओचं, बर्फाळ चौक्यांवरच्या मैल्याची विल्हेवाट लावण्यासाठी केलेलं. पोलिओग्रस्त मुलांचे हलके कॅलिपर, क्षेपणास्त्रांच्या कंपोझिटमधून: साधारण चार किलोंचे चारशे ग्रॅमच्या आत आले. हृदयाचा कलाम-राजू स्टेंट. यादी लांबवता येईल, पण पेनापासून पंख्यापर्यंत सगळ्याचं श्रेय देणाऱ्या याद्यांवर माझा विश्वास नाही. डीआरडीओचं मोजमाप शेवटी सैनिकाच्या हातात काय पडलं यावरच व्हायला हवं.

१३. मुलाला डीआरडीओत जायचंय. रस्ता कोणता?

शास्त्रज्ञ व्हायचं तर इंजिनिअरिंगची पदवी किंवा विज्ञानातलं पदव्युत्तर शिक्षण, गेट परीक्षेचे चांगले गुण आणि मग मुलाखत. पहिलं पद 'सायंटिस्ट बी', मूळ वेतन ५६,१०० रुपये आणि भत्ते. ही भरती आरएसी हे डीआरडीओचं केंद्र करतं. डिप्लोमा, बीएस्सी आणि आयटीआयवाल्यांची भरती सेप्टॅम नावाच्या केंद्रातर्फे होते. पीएचडी करायची असेल तर संशोधन शिष्यवृत्त्या असतात, गिरीनगरच्या डीआयएटीत एमटेकही करता येतं.

घरी एक बोलून ठेवा: पोलीस पडताळणी, परदेशी जायला परवानगी, आणि ऑफिसात काय केलं ते जेवणाच्या ताटावर न सांगणं. काहींना हे जमत नाही, त्यात कमीपणा नाही.

१४. माझं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. आम्हाला काही काम मिळतं का?

मिळतं, आणि पूर्वीपेक्षा जास्त. २०२२-२३च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या तरतुदीपैकी २५ टक्के उद्योग, स्टार्टअप आणि शिक्षणसंस्थांसाठी खुले केले. तंत्रज्ञान विकास निधीतून एका प्रकल्पाला ५० कोटींपर्यंत, खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकतं. आयडेक्स या संरक्षण मंत्रालयाच्या योजनेच्या मूळ प्रकारात स्टार्टअपला दीड कोटीपर्यंत.

सावध राहायचं ते दोन जागी. पैसे टप्प्याटप्प्याने येतात, खेळतं भांडवल तुमचं लागतं. आणि नमुना पास झाला म्हणजे ऑर्डर आली असं धरून कर्ज काढू नका, प्रश्न ६मधलं तिसरं कारण पुन्हा वाचा.

१५. माझा शोध संरक्षणात वापरता येईल असा आहे. आधी परदेशात पेटंट घेऊ का?

थेट नको. भारतात राहणाऱ्याने भारताबाहेर पेटंटसाठी अर्ज करण्याआधी परवानगी घ्यावी लागते, नाहीतर इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं. पेटंट कायद्याचं कलम ३९. मोडल्यास शिक्षा आहे. शोध संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटला तर कलम ३५खाली तो प्रसिद्ध करायला मनाई होऊ शकते. अणुऊर्जेशी संबंधित शोधांच्या पेटंटवर वेगळे निर्बंध आहेत. ड्रोन, काही रसायनं, विशिष्ट सेन्सर परदेशी विकायचे असतील तर निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची 'स्कोमेट' यादीही तपासा. 'आमचं तर शेतीचं ड्रोन आहे' म्हणून यादीतून सुटका होईलच असं नाही.

१६. माहिती अधिकारात डीआरडीओची माहिती मागता येते का?

साधारणपणे नाही. २००५च्या कायद्याच्या कलम २४ने दुसऱ्या अनुसूचीतल्या संस्था वगळल्या आहेत आणि डीआरडीओ त्यात आहे. अपवाद दोन: भ्रष्टाचाराचे आरोप आणि मानवी हक्कांचं उल्लंघन. त्याबद्दलची माहिती मागता येते. दुसऱ्या बाबतीत केंद्रीय माहिती आयोगाची संमती लागते. प्रश्न २मधले सरकारी कारखाने या सरसकट सवलतीत येत नाहीत, त्यांना एकेका माहितीसाठी सुरक्षेचं कारण द्यावं लागतं. म्हणून अर्ज कोणाकडे करायचा ते आधी ठरवा, पुष्कळ अर्ज तिथेच फसतात.

१७. माझे वडील पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तीस वर्षं होते. काय करायचे ते कधी बोलले नाहीत. आता ते गेले. आम्हाला काही कळू शकेल का?

थोडंफार. १९२३च्या शासकीय गुपिते कायद्याचं बंधन निवृत्तीनंतरही सुटत नाही, त्यामुळे त्यांचे सहकारीही फार बोलणार नाहीत. त्यांना अडचणीत टाकू नका. पण सगळंच काम गुप्त नसतं. डीआरडीओचं 'डिफेन्स सायन्स जर्नल' दशकानुदशकं निघतंय आणि इंटरनेटवर मोफत आहे. लेखकाच्या नावाने शोधा, आडनावाआधीची आद्याक्षरं उलटसुलट करूनही बघा. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधकर्त्याच्या नावाने शोधता येतं. घरातल्या कपाटात निवृत्तीच्या वेळचं मानचिन्ह असेल तर त्यावर कोरलेलं प्रकल्पाचं नाव वाचा. एका वाचक ताईंना असंच एक नाव सापडलं होतं. ते आता अख्ख्या देशाला माहीत आहे, घरात मात्र कधी उच्चारलं गेलं नव्हतं.